ॲफिडेव्हिट करताय? या चुका टाळा

'ॲफिडेव्हिड' म्हणा नाहीतर 'ॲपिडेव्हिट', कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टला बरोबर कळतं. घोळ होतो तो 'शिक्का मारलेला कागद' एवढाच अर्थ धरल्यामुळे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये हे अख्खं क्रियापद आहे: 'त्याने शपथेवर सांगितले आहे'. मुळाशी 'फिदेस', म्हणजे विश्वास. तेव्हा आधी सांगणारा माणूस हवा, आणि सांगतोय ते त्याला ठाऊक हवं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते शेवटच्या सत्यापनावर, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सांगणाऱ्या ओळीवर. 'कलम १ ते १४ मधील मजकूर माझे माहिती व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.' जुन्या फाइलमधून उचललं, चिकटवलं, झालं! दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १९, नियम ३ सांगतो की स्वतःला माहीत असलेलंच लिहा. समजुतीवरचं अंतरिम अर्जात, म्हणजे दावा चालू असताना मधल्या आदेशासाठी केलेल्या अर्जात, चालतं, तेही आधार देऊन. १९५२ साली तर सर्वोच्च न्यायालयाने मुंबई सरकारच्या सचिवाचं असलंच ढिसाळ सत्यापन नोंदवून बजावलं होतं की अशाने प्रतिज्ञापत्र फेटाळलं जाऊ शकतं.

आमच्याकडे वाटणीच्या दाव्यात एका पुतण्याने शपथेवर लिहिलं, '१९७४ ची तोंडी वाटणी माझ्यासमक्ष झाली.' मसुदा चुलत्यासाठी केलेला. चुलते आजारी पडले म्हणून घाईत वरचं नाव तेवढं बदललेलं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी एकच विचारलं, 'जन्मसाल?' '१९८१.' त्यानंतर त्याच्या खऱ्या विधानांनाही कुणी विचारेना. मी पक्षकाराकडून प्रत्येक कलम मोठ्याने वाचून घेतो आणि विचारतो: पाहिलंत की ऐकलंत? कुणाकडून? सत्यापनात दोन्ही वेगळं लिहितो. नवे ज्युनियर वैतागतात. वैतागू देत.

'आजीला कशाला आणता, घरूनच सही आणतो.' नाही. सही नोटरीसमोर किंवा शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोरच.

महाराष्ट्रात कोर्टात वा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी खिडकीवरचा कुणीतरी म्हणतो म्हणून लोक पाचशेचा स्टॅम्प आणतातच.

ॲफिडेव्हिटने जमीन नावावर होत नाही.

'नुसतं ॲफिडेव्हिट तर आहे, काय होतंय?' न्यायालयीन कामात खोटी साक्ष ठरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होते. हे ऐकवलं की घाईतला पक्षकारही चष्मा काढून मसुदा वाचायला बसतो.