गॅलरीतला लेथ: खोका उघडल्यापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला टूलने कापायचं मशीन, घरी आला त्या दिवशी बाबांनी मला मोटर चालू करू दिली नाही. त्यांनी चक (तुकडा पकडून फिरणारे जबडे) हातानेच दोन-तीनदा फिरवला, टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल मागेपुढे करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा अजून लेथ नाही. लेथचं सामान आहे. लेथ तुला करायचाय." बाबा परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. १९८२ च्या संपानंतर कुर्ल्याच्या एका गाळ्यात त्यांनी वीस वर्षं लेथ चालवला. मी बँकेत नोकरी करते, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि गेली चार वर्षं माझ्या गॅलरीत १८० बाय ३५० चा छोटा लेथ आहे. बेडवर (लेथच्या लांब लोखंडी तळावर) १८० मिलिमीटर व्यासाचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो, त्याला दोन्ही टोकांना टेकणाऱ्या दोन सेंटरमध्ये ३५० मिलिमीटर लांबी बसते. वजन चाळीस किलोच्या आसपास.

या चाळीस किलोतच सगळं आलं. बाबा ज्या लेथवर उभे राहायचे त्याचं वजन टनात मोजायचं. तो लेथ वाकत नाही, आपला वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वाकतो. टूल जॉबला टेकलं की टूल धरणारा टूलपोस्ट, स्लाइड, बेडवरून सरकणारी कॅरेज, बेड सगळंच केसभर मागे सरतं. पुढे जे काही सांगणार आहे ते या केसभरासाठीच आहे.

टेबल आणि वीज

घरातलं जुनं लाकडी टेबल वापरू नका. मी फॅब्रिकेटरकडून चाळीस मिलिमीटरच्या अँगलचा स्टँड वेल्ड करून घेतला, वर १८ मिलिमीटरच्या दोन प्लाय चिकटवल्या आणि लेथ बोल्टने घट्ट बसवला. उंची अशी ठेवा की उभं राहिल्यावर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) कोपराच्या रेषेत येईल. खाली वाकून काम केलं की तासाभरात कंबर बोलायला लागते आणि लक्ष उडतं. प्रत्येक पायाखाली जाड रबरी पॅड घाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी आधीच जाऊन सांगितलं होतं की शनिवारी-रविवारी दुपारच्या झोपेची वेळ सोडून चालवीन. आजवर तक्रार आलेली नाही.

लेथला स्वतंत्र १५ अँपिअरचा सॉकेट द्या आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. धातूच्या मशीनला हात लावून उभं राहायचंय, तिथे अर्थिंगवर काटकसर नको.

पहिला महिना: काहीही बनवायचं नाही

हे मशीन कारखान्यातून चिकट ग्रीसमध्ये बुडवून येतं. ते ग्रीस वाहतुकीसाठी आहे, वंगण म्हणून नाही. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, जुना टूथब्रश आणि भरपूर चिंध्या घेऊन बसा. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातला दिवा विझलेला असू द्या. पेट्रोल अजिबात वापरू नका. कॅरेज, क्रॉस स्लाइड, तिच्यावरची छोटी स्लाइड म्हणजे कंपाउंड, सगळं सुटं करा आणि सुटं करताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. माझ्या क्रॉस स्लाइडच्या खाली वाळूचे कण निघाले. तसाच चालवला असता तर ती वाळू बेडला पॉलिश पेपरसारखी घासत राहिली असती.

मग जिब. स्लाइडच्या डव्हटेलमध्ये (तिरक्या कडांच्या खाचेत) एक पातळ पट्टी असते, तिला बाजूने तीन-चार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) दाबतात आणि प्रत्येक स्क्रूवर एक लॉकनट असतो. ही पट्टी सैल असेल तर स्लाइड डुलते, आवळली तर चालत नाही. आधी पट्टी बाहेर काढून तेलाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी हलकी घासा, कडेचे काटे जातात. परत बसवून तेल द्या. सगळे स्क्रू सैल ठेवून एकेक घ्या: ॲलन की फिरवत जा, जिथे हँडलला किंचित ओढ लागते तिथे थांबा. आता खरी अडचण येते. लॉकनट आवळताना आतला स्क्रूही त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून एका हाताने ॲलन की जागच्या जागी धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा. पहिल्या संध्याकाळी मी हे अकरा वेळा केलं. बाबा शेजारी स्टुलावर बसून होते, त्यांनी हात लावला नाही. बरोबर जमलं की हँडल दोन बोटांनी फिरतं, पण कुठेही रिकामं सुटत नाही, आणि टूलपोस्ट हाताने ढकलला तर डायल इंडिकेटरचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाचा) काटा एक-दोन घरांपलीकडे जात नाही. स्लाइडच्या पूर्ण लांबीत तपासा. मध्यावर छान आणि टोकाला घट्ट, असंही होतं.

यानंतर बेड पाहा. टेबल सपाट नसेल तर बोल्ट आवळताना बेडला पीळ बसतो आणि जॉब निमुळता निघतो. तपासायला २५ मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत रॉड) चकमध्ये धरून १०० मिलिमीटर बाहेर काढा, दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक लावू नका. चकजवळ एक आणि टोकाला एक अशी दोन कडी ठेवून मधला भाग थोडा उतरवा. मग क्रॉस स्लाइड न हलवता दोन्ही कड्यांवरून एकच बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. माझं टोकाचं कडं चकजवळच्या कड्यापेक्षा ०.०६ मिलिमीटर जाड निघालं. टोक जाड निघालं तर टेलस्टॉककडच्या बाजूचा पुढचा, म्हणजे आपल्याकडचा पाया किंचित उचलायचा. बारीक निघालं तर मागचा. मी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून घातला, तो साधारण ०.१ मिलिमीटर असतो. बोल्ट आवळून पुन्हा कट, पुन्हा माप. तिसऱ्या खेपेला फरक ०.०१ वर आला.

टूल

नवीन माणूस आधी कार्बाइडच्या इन्सर्टकडे, म्हणजे तयार धारेच्या बदलायच्या तुकड्यांकडे, जातो, कारण धार लावायची कटकट नाही. पण कार्बाइडला वेग हवा, जोर हवा आणि न हलणारं मशीन हवं. आपल्याकडे तिन्ही कमी. हायस्पीड स्टीलचं टूल धारदार असेल तर कमी जोरात कापतं, आणि हलक्या लेथला नेमकं तेच पाहिजे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिरांडा ब्रँडचे ८ मिलिमीटर चौरस तुकडे मिळतात, चार घ्या. बेंच ग्राइंडरवर पुढची आणि बाजूची कड आठ-दहा अंश खाली उतरवा, वरचा भाग मागे दहा-बारा अंश उतरता ठेवा, टोक तेलाच्या दगडावर जरा गोल करा. मध्येच पाण्यात बुडवत राहा. आधी एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) दोन इंच लांब चौरस तुकड्यावर हात बसवा, स्वस्त पडतं. पितळेसाठी वेगळं टूल ठेवा, त्याचा वरचा भाग सपाट, उतार शून्य. उतार असलेलं टूल पितळेत खेचलं जातं आणि जॉब चकमधून उपटतो.

टूलचं टोक स्पिंडलच्या मध्यरेषेवर आलं पाहिजे. बाबांनी शिकवलेली खूण अशी. सहा इंची स्टीलची पट्टी उभी धरा आणि गोल जॉब व टूलचं टोक यांच्यामध्ये अलगद दाबा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल मध्यावर आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकलं तर वर आहे. टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून दुरुस्त करा. फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं टोक सपाट करताना, मधोमध बारीक बुटका उरत असेल तर पुन्हा हेच पाहा.

वेगाचा हिशोब सोपा आहे. एमएससाठी जॉबचा पृष्ठभाग टूलसमोरून मिनिटाला २५ मीटर सरकेल असं धरा. त्याला ३२० ने गुणून मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा. २० मिलिमीटरच्या रॉडला मिनिटाला ४०० फेरे आले. पितळेला दुप्पट चालतात, ॲल्युमिनियमला त्याहून जास्त. या छोट्या मोटरांचा जोर कमी वेगावर घटतो आणि त्या तापतात, त्यामुळे जाड जॉब सावकाश फिरवताना कट आणखी बारीक घ्या. सुरुवातीला एमएसवर पाव मिलिमीटरच्या वर जाऊ नका. तुमच्या हँडलच्या डायलवरचा आकडा त्रिज्येचा आहे की व्यासाचा, हे पहिल्याच दिवशी मापून मशीनवर लिहून ठेवा. आणि मापाच्या पुढे गेलात तर हँडल थोडंसं मागे घेऊन चालत नाही. अर्धा-एक फेरा मागे जाऊन पुन्हा पुढून या, नाहीतर स्क्रूमधली ढिलाई तुमच्या मापात शिरते.

सळई नको

बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते, पण तिचं वरचं कवच कडक केलेलं असतं आणि टूलची धार खाऊन टाकतं. भंगारातला अनोळखी रॉडही शिकताना नको, कारण फिनिश वाईट आलं तर चूक आपली की लोखंडाची ते कळत नाही. ब्राइट एमएस घ्या, शिसं असलेला ईएन १ए (सहज कापलं जाणारं पोलाद) मिळाला तर उत्तम. पितळेसाठी मी मशीद बंदरला उतरून गुलालवाडीत जाते. किलोवर तुकडे मिळतात. तिथेच फूट-फूटभर कापून घ्या आणि टोकांना वर्तमानपत्र गुंडाळा. लेडीज डब्यात उभं राहून अडीच फुटी रॉड सांभाळणं शहाणपणाचं नाही.

पार्टिंग आणि सुरक्षा

माझा सगळ्यात वाईट दिवस पार्टिंगचा, म्हणजे फिरता जॉब पातळ ब्लेडने कापून वेगळा करण्याचा, होता. १६ मिलिमीटरचा एमएस रॉड, पार्टिंग ब्लेड गरजेपेक्षा दुप्पट बाहेर काढलेलं, कॅरेज लॉक केलेली नव्हती. अर्ध्यावर ब्लेड अडकलं, जॉब त्याच्यावर चढला, ब्लेड मोडलं आणि त्याचा तुकडा माझ्या गॉगलवर आपटला. काचेवरचा ओरखडा अजून आहे. हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या पेटीच्या) आतल्या प्लॅस्टिक गिअरचे तीन दातही गेले. तेव्हापासून ते गिअर मी जादा आणून ठेवलेत, तुम्हीही ठेवा. पार्टिंग करायचं तर चकला अगदी लागून, ब्लेड लागेल तेवढंच बाहेर, कॅरेज लॉक, वेग निम्मा, तेल सतत आणि फीड, म्हणजे ब्लेड पुढे सरकवणं, न थांबता. बारा मिलिमीटरच्या वर मी सरळ हॅकसॉने कापते आणि मग फेसिंग करते. त्यात कमीपणा काही नाही.

चकची चावी चकमध्ये एका क्षणासाठीही सोडायची नाही. हात चावीवर असेल तरच चावी चकमध्ये. हातमोजे नाहीत, ओढणी नाही, बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवायचं, केस घट्ट बांधायचे, बाह्या कोपराच्या वर. लांब चिप बोटांनी ओढायची नाही, ती ब्लेडसारखी असते. रंगाचा ब्रश वापरा. काम झाल्यावर चपला गॅलरीतच काढा, नाहीतर बारीक कीस स्वयंपाकघरापर्यंत जातो.

पहिलं काम

मी आजीची समई घेतली होती. दांड्याचे आटे इतके झिजले होते की वरचा भाग डुलायचा. सांध्याच्या दोन्ही टोकांना ८.५ मिलिमीटरचं भोक पाडून एम १० चा (१० मिलिमीटर आट्याचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारला. टॅप टेलस्टॉकमध्ये सरळ धरून, मोटरची वायर काढून, चक हाताने फिरवत. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मग पितळेचा एम १० चा आटेदार तुकडा करून मध्ये घातला. जुनं भांडं चकमध्ये धरताना जबड्यांखाली ॲल्युमिनियमची पट्टी घाला, वळ उमटत नाहीत.

पावसाळा

खाडीकडची ओल डोंबिवलीत जून ते सप्टेंबर घरात शिरते. पहिल्या पावसात चार दिवस दुर्लक्ष केलं आणि बेडवर माझ्या बोटांचे ठसे तांबूस होऊन उठले, घामामुळे. आता मेअखेरीला मी चक उतरवते, पुसून, तेल लावून बटर पेपरमध्ये गुंडाळते. बेडवर आणि स्क्रूवर ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल ब्रशने देते. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळू नका, आत वाफ धरते. सुती कापड थेट लोखंडावर टाकलं तर ते ओल शोषून तिथेच बसवतं. मी प्लायची पेटी करून लेथवर पालथी घालते आणि आत जुन्या पद्धतीचा ४० वॉटचा तारेचा बल्ब लावते, प्लायपासून आणि तेलापासून वीतभर दूर, जाळीच्या पिंजऱ्यात. एलईडी चालत नाही, त्याला पुरेशी ऊब नसते. कोंदट दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, घरात कुणी असतानाच. दर रविवारी पेटी उचलून हँडलं एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवायची आणि बेडवरून तेलाचं बोट ओढायचं. बोट काळं आलं तर चालेल. तांबूस आलं तर त्याच दिवशी पुसा, तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने घासा आणि पुन्हा तेल द्या.

खंडेनवमीला पेटी निघते. बाबा हळद-कुंकू चकवर लावत नाहीत, टेबलाच्या अँगलला लावतात. बेडवर पडलेलं कुंकूसुद्धा स्लाइडखाली गेलं की घासतंच.