नखांचा रंग बदलला, तर कारण कसे शोधावे
हळद शिजवण्याचा हंगाम आला की वसमत-हिंगोलीच्या पट्ट्यात पिवळ्या नखांचे कोणाला काही वाटत नाही आणि त्यामुळेच कधीकधी खरा आजारही हळदीच्या नावावर खपून जातो. म्हणून रंग कोणता, यापेक्षा तो नखात नेमका कोठे आहे आणि नखाबरोबर पुढे सरकतो का, हे आधी पाहावे.

हात धुऊन, नेलपॉलिश काढून, दिवसाच्या उजेडात हातापायांची वीसही नखे पाहावीत. नख दाबल्यावर रंग फिका पडला, तर दोष बहुधा नखाखालच्या रक्तप्रवाहात असतो. तसाच राहिला, तर तो नखातच असण्याची शक्यता अधिक. हळदीचा किंवा मेंदीचा डाग वरच्या थरात असतो आणि काम थांबल्यावर मुळाशी स्वच्छ नख येऊ लागते. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याहूनही कमी; म्हणून दर महिन्याला मोबाईलवर फोटो काढून ठेवणे फार उपयोगी पडते.

पायाचे नख पिवळे, जाड, भुसभुशीत झाले असेल आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, तर बुरशीचा संशय घ्यावा. तरीही मेडिकलमधून मलम आणून लावण्याची घाई करू नये. सोरायसिस या त्वचेच्या आजारातही नख असेच दिसते, फक्त त्यात बहुधा टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि तेलाच्या थेंबासारखे डाग आढळतात. शिवाय मलम आधीच लावले असेल, तर चाचणीत बुरशी सापडेलच असे नाही. नखाखालची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही साधी, स्वस्त तपासणी आहे. बुरशीच्या गोळ्या काही आठवडे ते महिने घ्याव्या लागतात आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते, तेव्हा निदानाची खात्री आधीच झालेली बरी.

पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियमची कमतरता, ही समजूत चुकीची आहे. ते बहुधा किरकोळ माराने येतात. मात्र जवळजवळ सगळी नखे पांढुरकी होऊन टोकाशीच अरुंद गुलाबी पट्टी उरली, तर यकृताची, आणि मुळाकडचा अर्धा भाग पांढरा व पुढचा तपकिरी असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करावी. फिकट, चमच्यासारखी खोलगट नखे असल्यास हिमोग्लोबिन व लोह तपासावे. नखांबरोबर ओठ-जीभही निळसर झाली आणि धाप लागत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

सर्वाधिक काळजी काळ्या रंगाची घ्यावी. ठेच लागून किंवा दगड पडून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेषा असणे सामान्य आहे. पण एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, मुळापासून टोकापर्यंत नवी काळी रेषा आली, ती रुंदावू लागली किंवा तिचा रंग शेजारच्या त्वचेवर उतरला, तर तो मेलानोमा हा कर्करोग असू शकतो. दुखत नाही म्हणून अशी रेषा अंगावर काढू नये. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या उपकरणाने, ती पाहून गरज भासल्यास बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करतात.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे जिल्हा रुग्णालय गाठताना चालू औषधांची यादी जवळ ठेवावी, कारण केमोथेरपी व हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारख्या औषधांनीही नखे काळवंडतात. बुरशीचा संशय असेल, तर जाण्यापूर्वी नखे कापू नयेत. नमुना त्यांच्याखालूनच घ्यायचा असतो.