विदर्भातली पानगळ आणि पालवी: जंगलाचे रंग कधी, कुठे, कसे बघायचे

दिवाळीच्या सुट्टीत झाडांचे रंग बघायला म्हणून विदर्भाच्या जंगलात गेलात, तर हिरव्याशिवाय फारसं काही दिसणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे जमिनीत ओल असते, नाले अजून वाहत असतात, झाडांना पानं टाकायची घाई नसते. काश्मीरचा चिनार थंडीची चाहूल लागली की पेटतो. इथली झाडं पाणी आटायला लागलं की पानं उतरवतात. त्यामुळे आपला रंगांचा हंगाम संक्रांतीनंतर सुरू होतो आणि गुढीपाडव्याच्या पुढे आठ-पंधरा दिवस चालतो. त्यातही दोन पाळ्या आहेत. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी अखेर गळत्या पानांचा पिवळा आणि तांबूस, मग मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नव्या पालवीचा लाल. दुसरी पाळी कितीतरी देखणी असते, आणि बहुतेक लोक नेमकी तीच चुकवतात, कारण तोवर ऊन तापलेलं असतं.

एक फसगत आधीच टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याकडेचं सागवान अख्खंच्या अख्खं तपकिरी, करपल्यासारखं दिसतं. ती पानगळ नाही. एका बारीक पतंगाची अळी पानातला हिरवा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. असं पान उजेडासमोर धरा, जाळीदार कापड धरल्यासारखं आरपार दिसतं. सागाची खरी पानगळ नोव्हेंबरपासून हळूहळू सुरू होते. त्यात पान आधी कडेने पिवळं पडतं, मग सुकतं, आणि जाळी न होता सगळं पान एकसंध खाली येतं.

पान गळायच्या आधी झाड त्यातलं कामाचं ते फांदीत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी एक नाजूक पडदा तयार करतं. पान तिथूनच सुटतं. हिरवं द्रव्य मोडलं की मुळातच पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल मात्र झाडाला नव्याने तयार करावा लागतो. कोवळ्या पालवीत हा लाल मुद्दाम येतो, कारण तेव्हा पान पातळ असतं, हिरवं द्रव्य पुरतं भरलेलं नसतं आणि वरून मार्चचं ऊन असतं. हे लक्षात राहिलं तर कुठल्या महिन्यात कुठला रंग शोधायचा हे पाठ करावं लागत नाही: थंडी सरताना पिवळा, ऊन चढताना लाल.

झाडं ओळखा, मग तारीख ठरवा

पहिल्या पाळीत डोंगरावरची सालई आधी पाहा. तिचं पान कडुलिंबासारखं बारीक पानांचं, साल कागदासारखी सुटणारी आणि डिंकाला सुंदर वास. सालईचे उतार सोनेरी होतात आणि आठ-दहा दिवसांत उघडे पडतात. तिच्या मागोमाग धावडा. धावड्याचं खोड पांढरट, गुळगुळीत. फेब्रुवारीत पानं तांबूस-विटकरी होतात. गळत्या पानांत लाल बघायचा असेल तर आपल्या जंगलात धावड्याइतकं भरवशाचं झाड दुसरं नाही. ऐन मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून लांबून ओळखू येतो, पण त्याचं पान मळकट तपकिरी होऊन गळतं. त्याच्यासाठी फेरी काढू नका. सागाचाही रंग खास नाही. सागवनात जायचं ते आवाजासाठी: फेब्रुवारीत टोंगळ्याएवढ्या, म्हणजे गुडघाभर पाचोळ्यात हरणाचं एक पाऊल पडलं तरी पापड मोडल्यासारखं ऐकू येतं.

पानं गेल्यावर खोडं दिसायला लागतात, आणि तेव्हा कांडोळ बघावा. काही भागांत त्याला भुत्या म्हणतात. पांढरंफटक, कातडीसारखं चकचकीत खोड, अंगावर एक पान नाही. संधिप्रकाशात तो एकटाच उजळ दिसतो. मेळघाटाच्या आणि ताडोब्याच्या मुरमाड टेकड्यांवर सहज सापडतो.

फेब्रुवारी मध्यापासून होळीपर्यंत पळस. हा पानांचा रंग नाही, फुलांचा आहे, पण झाड निष्पर्ण असल्याने लांबून अख्खं झाडच केशरी दिसतं. त्यासाठी अभयारण्यात जायची गरज नाही. भंडारा-गोंदियाच्या बांध्यांच्या (धानाच्या वाफ्यांच्या) धुऱ्यावर, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाळीवर आणि गावाबाहेरच्या झुडपी जंगलात पळसाची रांगच्या रांग असते. सगळी झाडं एकदम फुलत नाहीत. शेजारच्या दोन पळसांत आठवड्याचा फरक पडतो, म्हणून एका दिवसाच्या फेरीवर निकाल लावू नका. गारपीट झाली तर मात्र बहर एका रात्रीत खाली येतो. जवळ थांबून एक फूल हातात घ्या: पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, बाहेरून मखमली, आणि देठाजवळचा पेला जवळजवळ काळा.

मग कुसुम. काही ठिकाणी कोशिंब म्हणतात. विदर्भात पानांचा एकच रंग बघायला वेळ असेल तर हाच निवडा. जुनी पानं टाकून लगेच नवी येतात. पहिल्या दोन-चार दिवसांत ती मऊ, लोंबती आणि रेड वाइनसारखी गडद लाल असतात, मग तांब्यासारखी होतात आणि दोनेक आठवड्यांत हिरवी. एका झाडाचा ऐन लाल आठवडाभरच टिकतो. पण वेगवेगळी झाडं मागेपुढे चालतात, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून पंधरा-वीस दिवसांत केव्हाही गेलात तरी कुठलंतरी एक लाल सापडतं. कुसुम बहुधा नाल्याकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याला असतो आणि एकटा असतो, त्याचं सलग रान मिळत नाही. आजूबाजूचा सागवान उघडा-करडा आणि मध्ये हा एक लालभडक, म्हणून अर्ध्या किलोमीटरवरूनही चुकत नाही. लांबून पांगाऱ्याशी किंवा काटेसावरीशी गल्लत होते. त्या दोघांच्या उघड्या फांद्यांवर सुटी सुटी फुलं असतात. कुसुमाचा लाल भरगच्च, गोल माथ्याचा असतो.

त्याच सुमाराला पिंपळाची गुलाबी-तांबूस पालवी, बेहड्याची तांबडी कोंब आणि मोहफुलं सरल्यावर एप्रिलमध्ये मोहाची तांबूस पानं. पिंपळ तर प्रत्येक गावच्या पारावर आहे. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारातला बदामही विसरू नका, जानेवारी-फेब्रुवारीत त्याची मोठी पानं अगदी शेंदरी-लाल होऊन गळतात.

कुठे

जागा निवडताना नावापेक्षा जमीन पाहा. मुरमाड माथ्यावर पाणी टिकत नाही, तिथली झाडं आधी रंगतात. उताराच्या खाली, नाल्यात, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी तीच झाडं दोन-तीन आठवडे मागे असतात. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उत्तरेच्या उतारापेक्षा आधी सुकतो. पश्चिम विदर्भापेक्षा गडचिरोली-गोंदियात पाऊस जास्त, म्हणून तिकडे सगळंच थोडं उशिरा. परतीचा पाऊस लांबला किंवा जानेवारीत अवकाळी बरसला तर हंगाम पुढे सरकतो. कोरडं वर्ष असेल तर आधी उरकतो.

पहिल्या पाळीसाठी मेळघाट. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीला जाणारा रस्ता जंगलातूनच जातो आणि सार्वजनिक आहे, त्यामुळे गाडीच्या काचेतूनही बरंच दिसतं. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तिथे गाविलगडाच्या तटावर उभं राहिलं की समोरच्या उतारांवर सालईचा सोनेरी आणि धावड्याचा विटकरी पट्टा एकाखाली एक दिसतो. रंग वरून बघायला याहून चांगली जागा विदर्भात क्वचितच मिळेल. अकोटकडून नरनाळ्याचा किल्लाही तसाच, पण तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, प्रवेशाचे नियम आणि वेळ आधी विचारून घ्या. नागपूरकरांना एका सकाळीत उरकायचं असेल तर रामटेकचा गड आणि खालचा खिंडसीचा परिसर पुरे.

कुसुमासाठी नागझिरा-नवेगाव, मेळघाटातले नाले आणि गडचिरोली. आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर वनवैभव नावाचा सुमारे ६ हेक्टरचा राखीव तुकडा आहे, २०१४ मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथल्या सागाची उंची बघून मान दुखते. पण रंगांसाठी तिथे थेट जाण्यापेक्षा वाटेतला रस्ताच जास्त देतो.

ताडोब्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. जंगल उत्तम आहे, पण गाभ्यात जिप्सीतून उतरता येत नाही, वेळ ठरलेली, आणि गाडीतले बाकीचे वाघासाठी आलेले असतात. कुसुमापाशी दहा मिनिटं थांबा म्हटलं तर कोणी थांबत नाही. शक्य असेल तर पूर्ण गाडी करा आणि गाइडला निघतानाच सांगा की आज झाडं बघायची आहेत. त्यांना प्रत्येक कुसुमाची जागा ठाऊक असते. मंगळवारी ताडोबा बंद असतो. नाहीतर बाहेरचा चंद्रपूर-मूल रस्ता आहे, तोही जंगलातूनच जातो.

कसं बघायचं

सूर्योदयापासून नऊपर्यंत, आणि दुपारी चारनंतर. मधल्या उन्हात लाल पान पांढुरकं दिसतं. कुसुम, पिंपळ, धावडा यांच्याकडे सूर्याच्या दिशेने तोंड करून बघा, उजेड पानातून येऊ द्या. सूर्य पाठीशी ठेवला तर निम्मा रंग जातो. पळसाचं उलट आहे. त्याची पाकळी जाड असते, तिच्यावर समोरून ऊन पडू द्यावं. मोबाइलने फोटो काढताना लाल भागावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर पालवीचा नुसता लाल डाग येतो, शिरा दिसत नाहीत.

फेब्रुवारीत वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून ठरलेल्या पट्ट्यातला पाचोळा आधीच जाळतो. त्या दिवसांत खोऱ्यात धूर साचतो आणि लांबचं काही दिसत नाही. निघण्याआधी तिथल्या कोणाला तरी फोन करून धुराचं आणि पानांचं दोन्ही विचारा. ‘रंग आला का’ असं विचारू नका; ‘मोहफूल पडायला लागलं का’ विचारा. मोह टपकायला लागला की कुसुमाची पालवी आली असं धरून निघावं.

मोहाखाली पहाटे जाऊ नका. अस्वलं मोहफुलांवर येतात, आणि वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात ते बहुतेक याच वेळी. दिवसा गेलात तरी खाली पडलेल्या फुलांवर पाय देऊ नका, कुणाच्यातरी घरची वर्षाची मिळकत तिथे पसरलेली असते. पाचोळ्यात विडी-सिगारेट, चूल, काहीही नको. एका ठिणगीने टेकडी जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी झुडपांत खाजकुयरीच्या शेंगा वाळलेल्या असतात, त्यांची लव वाऱ्याने उडते. पूर्ण बाह्या घाला. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा आणि मग धुवा. परतल्यावर पोटऱ्या आणि कंबर गोचिडांसाठी तपासा. मार्चमध्ये माणशी किमान ३ लिटर पाणी सोबत ठेवा. मेळघाटात शिरताना परतवाड्यातच गाडीची टाकी भरा, आत मोबाइलची रेंज धरून चालू नका.

मार्च हुकला तरी एप्रिलमध्ये तेंदूची तांबूस कोवळी पानं असतात, पुढे अखेरीस बहाव्याचे पिवळे घोस. आणि जूनचे पहिले दोन पाऊस झाले की सागाला फुटणाऱ्या टोकाचं एक कोवळं पान बोटांत चुरडून बघा. पान हिरवट-तांबूस असतं, पण बोटं रक्तासारखी लाल होतात, आणि तो डाग साबणानेही लवकर जात नाही.