बाळ कॉटमध्ये सारखं चुळबुळ करतंय? या चुका टाळा

बाळ चुळबुळ करायला लागलं की कॉटमधल्या वस्तू वाढायला लागतात. डोकं आपटू नये म्हणून चारही कडांना मऊ पट्ट्या, कुशीवर वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटे लोड, ऊब मिळावी म्हणून आणखी एक पांघरूण, सोबत असावी म्हणून कापडी अस्वल. यातली प्रत्येक वस्तू मायेनेच ठेवलेली असते. पण बाळ अस्वस्थ असतं ते भूक लागल्यामुळे, उकडल्यामुळे, डायपर ओलं झाल्यामुळे, पोटात गॅस धरल्यामुळे, नाहीतर झोपेची वेळ टळून गेल्यामुळे. ते कारण उशा-लोडांनी जात नाही. धोका मात्र प्रत्येक वस्तूगणिक वाढतो.

पहिल्या वर्षात कॉटमध्ये तीनच गोष्टी हव्यात: कडक, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि बाळ. चुळबुळ कमी करण्यासाठी जे काही करायचं, ते या तीन गोष्टींना धक्का न लावता करायचं.

प्रत्येक हालचालीला उचलून घेणं

नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप ही हालचालीची झोप असते. तिच्यात बाळ कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, चोखल्यासारखे ओठ हलवतं, हातपाय झटकतं, पापण्यांखाली डोळे फिरवतं, मध्येच एखादं रडूही फोडतं. हे सगळं चालू असताना ते झोपलेलंच असतं. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर ही चुळबुळ वाढते. नेमकं तेव्हाच आपण त्याला उचललं, तर झोपलेलं बाळ आपणच जागं करतो.

म्हणून आधी थांबा आणि बघा. दिवा लावू नका, बोलू नका. डोळे उघडे आहेत का, रडणं चढत चाललंय का, हात तोंडाकडे जातोय का? तसं असेल तर उचला. नाहीतर मिनिटभरात ते पुन्हा शांत होण्याची बरीच शक्यता असते. निदान पहिले सहा महिने कॉट तुमच्याच खोलीत, पलंगाशेजारी ठेवली तर हे बघणं सोपं जातं, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

नवजात बाळाचा श्वास झोपेत मध्येच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर सुरू होतो, त्याने अनेक पालक घाबरतात. एवढं थांबणं सहसा नैसर्गिक असतं. श्वास २० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा ओठ-जीभ निळसर दिसली, तर मात्र एक क्षणही वाट न बघता तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

“पालथं टाकलं की शांत झोपतं”

हे खरं आहे, आणि धोका याच्यातच आहे. पोटावर झोपलेलं बाळ जास्त गाढ झोपतं, सहज जागं होत नाही. नाकासमोर गादी असली की स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेत राहतं. अशा वेळी निरोगी बाळ मान वळवून किंवा जागं होऊन सुटका करून घेतं, पण अगदी लहान बाळाची ही जाग येण्याची क्षमता कमी असते. झोपेतला अचानक अर्भकमृत्यू, ज्याला सिड्स म्हणतात, तो सर्वाधिक दोन ते चार महिन्यांच्या वयात होतो. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम राबवली गेली, आणि पुढच्या वर्षांत या मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. एवढ्या साध्या बदलाने इतकी बाळं वाचली, हे मला आजही थक्क करतं.

पाठीवर झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल, ही भीती घरातले मोठे हमखास बोलून दाखवतात. शरीराची रचना उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागतं. पालथं असताना तेच दूध सहज तिच्या तोंडाशी साचू शकतं. कुशीवर झोपवणं हाही मधला मार्ग नाही. त्या स्थितीतून बाळ अलगद पालथं होतं.

बाळाला आळीपाळीने कोणी कोणी सांभाळत असेल, तर ही गोष्ट प्रत्येकाच्या कानावर घाला. रोज पाठीवर झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दिवशी कोणी पालथं झोपवलं, तर धोका विशेष वाढतो.

पुढे बाळ स्वतःच वळायला लागतं. तेव्हा रात्रभर जागून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. झोपवताना पाठीवरच ठेवा. दोन्ही बाजूंनी सहज वळता येत असेल तर ते ज्या स्थितीत जाईल तिथे राहू द्या. दिवसा, जागेपणी, तुमच्या नजरेसमोर पोटावर खेळवलं की मान आणि खांदे लवकर बळकट होतात.

कडेच्या मऊ पट्ट्या

बाळ गजांवर डोकं आपटतं, पाय गजांमध्ये अडकतो, म्हणून या पट्ट्या बांधल्या जातात. पाय अडकला की बाळ रडतं, फार तर थोडा वळ उठतो. पट्टीत नाक दबलं तर बाळ रडूही शकत नाही. पट्टीच्या नाड्या गळ्याभोवती येऊ शकतात आणि मोठं बाळ तिच्यावर पाय देऊन वर चढतं. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून या फुगीर पट्ट्यांवर बंदी आणली ती याच कारणांनी. बाळाला एका जागी ठेवण्यासाठी मिळणारे लोड आणि गोल घरट्यासारख्या गाद्याही कॉटमध्ये नकोतच.

पाय अडकत असेल तर बाळांसाठीची स्लीपिंग बॅग घाला. पाय आतच राहतात, वेगळं पांघरूण लागत नाही आणि लाथा मारायला जागाही मिळते. फक्त ती मापाची हवी; गळा इतका मोठा नको की डोकं आत सरकेल. बाळ रात्रभर फिरून आडवंतिडवं होत असेल तर होऊ द्या, रिकाम्या कॉटमध्ये त्याने काही बिघडत नाही.

कॉटचीही तपासणी करा. दोन गजांमधली फट साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गादी आणि कॉटची कड यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे, ती बदला. फटीत कापड कोंबून भागवू नका. ज्यांची एक बाजू खाली सरकते अशा जुन्या कॉट वापरू नका. तसल्या कॉटची विक्री अमेरिकेत २०११ पासून बंद आहे, कारण सरकती बाजू निखळून फटीत बाळं अडकली होती.

गुंडाळणं वेळेवर न थांबवणं

पहिल्या काही आठवड्यांत बाळ दचकून दोन्ही हात फेकतं आणि त्यानेच जागं होतं. दुपट्यात गुंडाळलं की हे दचकणं आवरतं, म्हणून बऱ्याच बाळांना ते मानवतं. छातीशी कापड नीट बसेल, पण तुमची बोटं आत जातील, इतपतच आवळा. कमरेखाली मात्र सैलच ठेवा. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. बेडकासारखे गुडघे बाहेरच्या बाजूला दुमडता आले पाहिजेत. वजन भरलेली दुपटी किंवा बॅगा टाळा.

वळण्याची पहिली चिन्हं दिसली की गुंडाळणं थांबवा. बहुतेकदा ती तीन-चार महिन्यांत दिसतात, काहींमध्ये आधीच. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला नाक सोडवून घेता येत नाही. एकदम सोडलं तर दोन-चार रात्री झोपमोड होईल, म्हणून वळणं सुरू व्हायच्या आधीच एक हात बाहेर, मग दोन्ही हात बाहेर, असं करत आणा.

हात गार लागले म्हणून आणखी एक थर

बाळाचे हातपाय गार असणं नेहमीचंच, त्यावरून अंदाज बांधू नका. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे घाम किंवा कढत लागलं तर बाळाला उकडतंय, आणि उकाडा हे चुळबुळीचं सगळ्यात जास्त नजरेआड होणारं कारण आहे असं मला वाटतं. अतिउष्णतेचा सिड्सशीही संबंध आहे. झोपताना टोपी नको; बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटेच बाहेर टाकतं. त्या खोलीत तुम्हाला जेवढे कपडे पुरतात त्याहून एखादाच थर जास्त, एवढं पुरतं. ब्रिटनमध्ये खोलीचं तापमान १६ ते २० अंश सेल्सिअस ठेवायला सांगतात. जिथे हवाच गरम असते तिथे ते शक्य नसतं. तिथे एकच सुती अंगडं, मोकळी हवा आणि थेट अंगावर न येणारा पंखा.

गादीला उतार देणं

दूध वर येतं म्हणून डोक्याकडून गादी उचलली जाते. त्याने दूध वर येणं कमी होत नाही. बाळ मात्र खाली घसरतं किंवा हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते. झोपायची जागा सपाट हवी. दूध पाजल्यावर थोडा वेळ उभं धरा, ढेकर काढा, मग खाली ठेवा. झोपाळ्यात किंवा गाडीतल्या कार सीटमध्ये डोळा लागला, तर शक्य होताच बाळाला सपाट जागेवर हलवा.

कॉट तीच, बाळ मात्र मोठं होतंय

बाळ बसायला लागण्याआधी गादी खाली उतरवा आणि उभं राहायला लागण्याआधी सर्वांत खालच्या पातळीवर आणा. वर टांगलेली खेळणी बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागलं की काढून टाका. पडद्यांच्या दोऱ्या, चार्जरच्या वायर, कॅमेऱ्याची केबल यांच्यापर्यंत बाळाचा हात पोचता कामा नये. चोखणीने बाळ शांत होत असेल तर जरूर द्या, पण दोरी न बांधता. उंची साधारण ८९ सेंटिमीटर झाली किंवा बाळ कठड्यावर पाय टाकायला लागलं, की कॉटचा काळ संपला.

सहा महिन्यांनंतर काही बाळं झोपताना डोकं आपटतात किंवा हात-गुडघ्यांवर पुढे-मागे डोलतात. बघवत नाही, पण हा बहुतेक वेळा स्वतःला झोपवण्याचा त्यांचा मार्ग असतो. उशी लावू नका. कॉट भिंतीपासून थोडी दूर घ्या आणि स्क्रू वरचेवर आवळा, कारण या हलण्याने ते ढिले होतात. दिवसाही हे चालू असेल किंवा वाढीबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

रडणं थांबतच नसेल तेव्हा

बाळाचे सगळे कपडे काढून बघा. हातापायाच्या बोटांभोवती केस किंवा मोज्याचा धागा गुंडाळला गेला असेल तर बोट सुजतं, बाळ कशानेच शांत होत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही. तो धागा सहज निघत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणं, दूध न घेणं, मलूल होणं यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणि तुमचाच तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला पाठीवर रिकाम्या कॉटमध्ये ठेवा, दार ओढून घ्या, पाच-दहा मिनिटं बाहेर बसा, घरातल्या कोणाला तरी उठवा. तेवढा वेळ ते कॉटमध्ये रडलं तरी चालेल. रागाच्या भरात बाळाला एकदा जरी जोरात हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. थकून सोफ्यावर बाळाला कुशीत घेऊन डोळे मिटणंही टाळा. सोफ्याच्या फटीत बाळ गुदमरण्याचा धोका फार मोठा असतो. झोप आवरत नसेल तर त्याला आधी कॉटमध्ये ठेवा, मग आडवे व्हा.