मऊ जेलवर चेतापेशी वाढवताना या चुका टाळा

मेंदूच्या ऊती फार मऊ असतात, त्यांची ताठरता काहीशे पास्कलपासून साधारण 1 किलोपास्कलपर्यंत. पेशी एरवी ज्यावर वाढवतात ती काच त्याच्या कोट्यवधी पट ताठर. म्हणूनच अ‍ॅक्सॉनच्या (चेतापेशीच्या लांब तंतूच्या) वाढीवर ताठरतेचा परिणाम पाहायचा तर पेशी हव्या तितक्या मऊ बनवता येणाऱ्या पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर वाढवतात. गडबड होते ती पेशीला प्रत्यक्षात दुसरंच काहीतरी जाणवत असतं म्हणून.

पहिला संशय जेलच्या जाडीवर घ्या. थर पातळ असेल तर पेशी जेल ओढते आणि तिला खालची काच लागते. सगळ्या जेलवर वाढ सारखीच दिसू लागते. 18 मिमीच्या गोल कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) 25 मायक्रोलिटर मिश्रण घातलं की सुमारे 100 मायक्रॉनचा थर मिळतो. 5 मायक्रोलिटरमध्ये जेमतेम 20 मायक्रॉन. काटकसर इथे करू नका.

साधारण 0.2 किलोपास्कलच्या जेलसाठी 1 मिलिलिटरचं प्रमाण असं: 40 टक्के अ‍ॅक्रिलामाइड 75 मायक्रोलिटर, 2 टक्के बिस (साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक) 30, पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) 884, 10 टक्के अमोनियम परसल्फेट 10, टेमेड (परसल्फेटसोबत जेल धरायला लावणारा घटक) 1. जेल धरतच नसेल किंवा कडेला पातळ राहत असेल, तर दोष बहुतेक वेळा ऑक्सिजनचा. शेवटचे दोन घटक घालण्याआधी मिश्रण 15 मिनिटं निर्वात पात्रात ठेवा आणि परसल्फेट ताजं बनवा.

पेशी चिकटतात, पण दोन दिवसांत अ‍ॅक्सॉनची टोकं मरू लागतात? लगेच ‘मऊपणाचा परिणाम’ असं लिहू नका. न जुळलेलं अ‍ॅक्रिलामाइड हे चेताविष आहे. जेल पीबीएसमध्ये तीनदा धुवा, रात्रभर 4 अंशांवर भिजवा, सकाळी पुन्हा धुवा. हातमोजे अर्थातच हवेत.

पेशी चिकटतच नसतील तर लॅमिनिन (पेशींना चिकटायला आधार देणारं प्रथिन) तपासा. या जेलला प्रथिनं आपोआप धरत नाहीत. त्यासाठी सल्फो-सानपाह (प्रथिन जेलला जोडणारं रसायन) आणि 365 नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. सानपाह पाण्यात विरघळवताच निकामी होऊ लागतं, म्हणून ते मंद उजेडात तोला आणि लगेच वापरा. त्यानंतर ट्रिस बफर नको: त्यातले अमाइन गट लॅमिनिनची जागा बळकावतात. लॅमिनिन 4 अंशांवर सावकाश वितळवा, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. शिवाय मऊ आणि ताठर जेलवर ते सारखंच बसलंय का, हे प्रतिदीप्त प्रतिपिंडाने पाहा. ते कमीजास्त असेल तर तुलनेला अर्थ राहत नाही.

ताठरता कृतीवरून गृहीत धरू नका. जेल फुगल्यावर, मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात), अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने (सूक्ष्म टोकाने जेल दाबून) मोजा.

आणि एका प्रकारच्या चेतापेशीचा निष्कर्ष दुसरीला लावू नका. 2012 मधल्या एका तुलनेत पाठीच्या कण्यालगतच्या गँग्लियातील (चेतापेशींच्या पुंजक्यांतील) चेतापेशींची वाढ सुमारे 1 किलोपास्कलवर सर्वाधिक होती. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींना ताठरतेने फरकच पडला नाही.