चौदाव्या लुईच्या अनौरस मुलांबद्दल लिहिताय? या चुका टाळा

फ्रान्सच्या चौदाव्या लुईला राणी मारी तेरेझपासून सहा मुलं झाली. त्यांतला थोरला तेवढा जगला, बाकीची बालपणीच गेली. राजाने कागदोपत्री आपली मानलेली विवाहबाह्य मुलं आठ होती आणि त्यांतल्या पाच जणांची लग्नं होऊन संसार उभे राहिले. त्यामुळे या राजाबद्दल लिहायचं तर ही मुलं टाळता येत नाहीत, आणि नेमकी तिथेच मराठी लेखांत गडबड होते. माझ्या मते कारण एकच आहे. आपण वडिलांपासून सुरुवात करतो आणि आईचं नाव शेवटी कंसात टाकतो. या मुलांचा कायदेशीर दर्जा आईवरूनच ठरत होता, म्हणून सुरुवात आईपासूनच करा.

आईचं लग्न झालेलं होतं का, हे आधी बघा

राजाची आधीची प्रेयसी लुईज द ला व्हालियेर अविवाहित होती. तिची पहिली मुलं भलत्याच आईबापांच्या नावाने बाप्तिस्मा देऊन लपवली गेली आणि ती तान्हेपणीच वारली. १६६७ साली राजाने लुईजला डचेस केलं आणि मुलगी मारी आन हिला आपली म्हणून मान्य केलं. त्या फर्मानात आईचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढे धाकटा मुलगा व्हर्मांदुआ यालाही तशीच मान्यता मिळाली.

नंतरची प्रेयसी मादाम द मोंतेस्पाँ मात्र लग्नाची बायको होती आणि तिचा नवरा, मार्की द मोंतेस्पाँ, हयात होता. आईच्या लग्नात जन्मलेलं मूल तिच्या नवऱ्याचं, असा कायदा. उद्या मार्कीने मुलांवर हक्क सांगितला असता तर राजाची पंचाईत झाली असती. यावर वाट काढण्यासाठी आधी एक नजीर, म्हणजे पुढे बोट दाखवता येईल असा दाखला, तयार केली गेली. १६७२ मध्ये लढाईत पडलेल्या लोंगव्हिलच्या ड्यूकला एका विवाहित बाईपासून झालेला मुलगा होता. त्याला आईचं नाव न लिहिता मान्यता देण्यात आली. मग १६७३ च्या डिसेंबरात राजाने मोंतेस्पाँच्या तीन मुलांसाठी, म्हणजे मेन, व्हेक्सँ आणि मादमुआझेल द नाँत यांच्यासाठी, तसंच फर्मान काढलं. त्यात वडील आहेत, आई नाही. नंतरच्या तीन मुलांच्या बाबतीतही तेच झालं.

‘राजाने मोंतेस्पाँची मुलं म्हणून त्यांना मान्यता दिली’ हे वाक्य म्हणूनच चूक ठरतं. राजाने ती फक्त स्वतःची म्हणून मान्य केली. सगळ्या दरबाराला ठाऊक असलेली आई कायद्याच्या कागदावर नव्हतीच.

नावं जुळली म्हणून माणूस तोच, असं धरू नका

मादमुआझेल द ब्लुआ दोन आहेत. पहिली ला व्हालियेरची मारी आन, जन्म १६६६. ती १६८० मध्ये लग्न होऊन कोंतीची राजकन्या झाली आणि ते बिरुद मोकळं झालं. मग ते मोंतेस्पाँच्या फ्राँस्वाज मारीला, जन्म १६७७, मिळालं. १६९२ मध्ये राजाच्या पुतण्याशी, म्हणजे पुढे फ्रान्सचा रीजंट (बालराजाच्या वतीने कारभार पाहणारा) झालेल्या फिलिपशी, लग्न झालं ते या दुसरीचं.

‘राजाचा अनौरस मुलगा, फ्रान्सचा अ‍ॅडमिरल’ असं दिसलं तरी थांबा. व्हर्मांदुआला हे पद १६६९ मध्ये, दोन वर्षांचा असताना दिलं गेलं. तो १६८३ मध्ये सोळाव्या वर्षी वारला आणि पद मोंतेस्पाँच्या पाच वर्षांच्या तुलूजकडे गेलं. १७०४ मध्ये मालागाजवळच्या समुद्रात खरोखर आरमार घेऊन लढला तो हा तुलूज. मारी आन आणि व्हर्मांदुआ या सख्ख्या भावंडांचा वाढदिवसही एकच, २ ऑक्टोबर, फक्त वर्ष वेगळं. तारीख पाहून ‘जुळी’ लिहू नका.

घोटाळा झालाच तर मुलाचं नाव बाजूला ठेवा आणि जन्मसाल पाहा. १६६७ पर्यंतचं असेल तर आई ला व्हालियेर, १६७० ते १६७८ असेल तर मोंतेस्पाँ. मान्यता मिळालेली आठही मुलं यात बसतात.

मँतनों ही आई नव्हे

मोंतेस्पाँची मुलं पॅरिसजवळ व्होजिरारच्या घरात गुपचूप वाढवली ती विधवा मादाम स्कारोंने. हीच पुढची मादाम द मँतनों. राणी १६८३ मध्ये वारल्यावर राजाने तिच्याशी खासगीत लग्न केलं, असं इतिहासकार मानतात. राजापासून तिला मूल नव्हतं. पण मेनला जन्मदात्रीपेक्षा हिचाच लळा होता, म्हणून त्याच्या हकिगतींत तीच आईसारखी दिसते आणि वाचणारा फसतो.

‘दासी’, ‘युवराज’ हे शब्द जपून

ला व्हालियेर राजाच्या भावजयीची सहचरी होती. मराठीत तिची चटकन ‘दासी’ होते आणि मुलं ‘दासीपुत्र’ किंवा ‘लेकावळे’ ठरतात. दरबारात सहचरी होणं हा खानदानी घराण्यांतल्या मुलींचा मान होता. मोंतेस्पाँचं मॉर्तमार घराणं तर फ्रान्समधल्या जुन्या घराण्यांपैकी एक. अनौरस हा शब्द पुरेसा आणि खरा आहे.

मान्यता मिळाली म्हणजे गादीचा हक्क मिळाला, असंही नव्हतं. तो हक्क राजाने मेन आणि तुलूज यांना जुलै १७१४ मध्ये दिला. त्याआधी थोड्याच वर्षांत त्याचा मुलगा, नातू आणि थोरला पणतू गेले होते. राजा १७१५ मध्ये वारला आणि १७१७ मध्ये तो हक्क काढूनही घेण्यात आला. गंमत अशी की पुढे १८३० मध्ये गादीवर आलेला लुई फिलिप आईकडून तुलूजचा आणि वडिलांकडून फ्राँस्वाज मारीचा वंशज होता, म्हणजे मोंतेस्पाँचं रक्त त्याच्यात दोन्हीकडून आलेलं.

व्हर्मांदुआला ‘लोखंडी मुखवट्यातला कैदी’, म्हणजे लुईच्या काळातला चेहरा झाकून ठेवलेला तो गूढ कैदी, ठरवणं सोडा. तो कैदी १६६९ मध्ये पकडला गेला, तेव्हा व्हर्मांदुआ दोन वर्षांचाही झाला नव्हता.

आयांची अखेर गाळू नका

मुलांची यादी झाली की लेख संपतो, ही मला सगळ्यात खटकणारी चूक. ला व्हालियेरने १६७४ मध्ये राणीपुढे गुडघे टेकून क्षमा मागितली आणि ती कार्मेलाइट जोगिणींच्या मठात गेली. व्हर्मांदुआ गेल्याची बातमी तिथे पोचली तेव्हा, त्याच्या मरणाआधी त्याच्या जन्मासाठी रडायला हवं, असं ती म्हणाल्याचं सांगतात. मोंतेस्पाँने १६९१ मध्ये दरबार सोडला आणि १७०७ मध्ये ती वारली. राजाने तिच्या मुलांना सुतक पाळू दिलं नाही, कारण कागदावर ती त्यांची कोणीच नव्हती. तीन वर्षांनी ला व्हालियेर मठात वारली, तेव्हा मारी आनने, म्हणजे कोंतीच्या राजकन्येने, आईसाठी उघडपणे काळे कपडे घातले. मोंतेस्पाँच्या मुलांना ते नुसतं बघावं लागलं.