स्टिकरवालं तिकीट न फाडता कसं सोडवलं (माझा अनुभव)

पुतण्या अमेरिकेतनं सांगलीला पत्रं पाठवतो, त्यावरची तिकिटं पाकिटावरनं सोडवायला नेहमीसारखी पाण्यात टाकली तर दोन तासांनीही सुटेनात, ओढायला गेलो आणि एक चांगलं तिकीट मागनं सोललं, लई वाईट वाटलं. तिकडं असलं स्टिकरवालं तिकीट पहिल्यांदा 1974 च्या ख्रिसमसला निघालं, पण अलीकडच्या बऱ्याच तिकिटांचा गोंद पाण्यात विरघळतच नाही.

मग टेलरकडनं थोडं व्हाइट पेट्रोल (कपड्यांवरचे डाग काढायचं) आणलं. तिकिटाभोवती पाकिटाचा थोडा कागद ठेवून कापलं, उलटं धरून मागच्या कागदावर ब्रशनं लावलं, कागद तेल प्यायल्यासारखा पारदर्शक झाला की तिकीट सपाट ठेवून कागदच हळूहळू सोलायचा, तिकीट वाकवायचं नाही. मागं चिकट राहतं तिथं टाल्कम पावडर चोळली. खिडकी उघडी आणि गॅस बंद पाहिजेच हां!